एका वंशावळीचा इतिहास

आमच्याकडील जुन्या घराण्यांत वंशावळी जपून ठेवण्याची चाल फार दिवसांची आहे. वतनाचा तंटा उभा राहिला, दत्तकाचा प्रश्न निघाला, किंवा सोयरीक जुळवितांना गोत्र-सपिंडाचा विचार करण्याची वेळ आली, म्हणजे हे कागद पेटींतून बाहेर निघत. इतिहाससंशोधकांसही त्यांचा उपयोग पुष्कळ झाला आहे. परंतु अशी कोणतीही वंशावळ उलगडून पाहिली, तर तींत दोन गोष्टी बहुधा सांपडत नाहींत. पहिली, घरांतील लेकीसुनांचीं नांवें. आणि दुसरी, माणूस कशानें गेला ह्याची नोंद. मूळपुरुषापासून दहा दहा पिढ्यांचे पुरुष ओळीनें उभे असतात. त्यांच्या आया, बहिणी व मुली ह्यांचा मागमूस नसतो. मृत्यूविषयीं विचारावें, तर ‘निपुत्रिक’ ह्या एका शब्दापलीकडे कागद कांहीं बोलत नाहीं.

ह्याच दोन गोष्टी ज्या वंशावळींत अगत्यानें लिहिल्या गेल्या, अशी एक वंशावळ अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, ॲन आर्बर येथील विद्यापीठांत, १८९५ सालीं सुरू झाली. चार पिढ्यांच्या संशोधकांनीं ती हातोहात पुढें नेली, आणि तिच्या आधारानें, कर्करोगाचा धोका कांहीं कुटुंबांत आईबापांकडून मुलांकडे येतो, ही गोष्ट अखेर निर्विवाद ठरली. त्या वंशावळीचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे. आम्ही वैद्यकाचे अधिकारी नव्हे; परंतु ह्या कथेंत वैद्यकाइतकाच मनुष्यस्वभावाचाही इतिहास असल्यामुळें तींत हात घालण्याचें साहस करीत आहों.

कर्करोग घराण्यांत फिरतो ही शंका मात्र त्याहून जुनी आहे. मेंदूंतील वाणीच्या केंद्राचा शोध लावणारे म्हणून ज्यांचें नांव सर्वश्रुत आहे, त्या पॉल ब्रोका ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८६६ सालीं गांठींच्या रोगांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें एका कुटुंबाची हकीकत दिली आहे. १७८८ सालीं स्तनाच्या कर्करोगानें वारलेल्या एका स्त्रीपासून आरंभ करून तिच्या मुली, नाती व पणत्या ह्यांपैकीं कितीजणी त्याच रोगानें गेल्या हें त्यानें मोजून दाखविलें, आणि इतकीं मरणें केवळ योगायोगानें एका घरांत घडणें संभवत नाहीं, असा निष्कर्ष काढला. हें कुटुंब त्याच्या स्वतःच्या पत्नीचें होतें. त्याच १८६६ सालीं ब्रून गांवीं मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध छापून निघाला होता. पण तो निबंध १९०० पर्यंत कोणी मनावर घेतला नाहीं. आणि ब्रोकाला दिसलेल्या सत्याला जो नियम लावावयाचा, तो नियम त्याला ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें.

आतां १८९५ कडे वळूं. आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन हे त्या वेळीं मिशिगनच्या वैद्यकशाळेंत विकृतिशास्त्राचें काम करीत होते. त्यांची गांठ शिवणकामावर निर्वाह करणाऱ्या एका बाईशीं पडली. बाई खिन्न दिसली, म्हणून त्यांनीं कारण विचारलें. तिची प्रकृति त्या वेळीं ठीक होती. परंतु आपण तरुणपणींच मरणार, असें तिनें सांगितलें. आपल्या घरांतील बहुतेक माणसें पोटाच्या, आंतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानेंच जातात, तेव्हां आपली गतिही तीच, असा तिचा हिशेब होता. हा हिशेब अक्षरशः खरा ठरला. पुढें ती तरुण वयांतच गर्भाशयाच्या कर्करोगानें वारली.

अशी गोष्ट ऐकून दुसरा एखादा वैद्य काय करता? बाईच्या मनाचा चाळा म्हणून हंसून सोडून देता, किंवा दोन शब्द धीराचे बोलून वाटेला लावता. वॉर्थिननीं तसें केलें नाहीं. त्यांनीं कागद घेतला आणि तिच्या घराण्याचीं माणसें लिहून काढण्यास आरंभ केला. ह्या कामीं त्या बाईनेंही त्यांस मनापासून साह्य केलें. जर्मनींतून येऊन अमेरिकेंत वसलेलें हें कुटुंब मोठें होतें. कोण कोणाचें मूल, कोण कोणत्या वयीं गेलें आणि कशानें गेलें, ही माहिती जमवितां जमवितां अठरा वर्षें लोटलीं. १९१३ सालीं वॉर्थिननीं ‘जी’ कुटुंब ह्या नांवाखालीं ती प्रसिद्ध केली. १९२५ त त्यांनीं तींत भर घातली. १९३१ त ते वारले. आणि १९३६ त त्यांचे उत्तराधिकारी वेलर ह्यांनीं एका सहकाऱ्याच्या साह्यानें तिसऱ्यांदा ती पुढें चालविली. त्यानंतर मात्र कागद कपाटांत पडले, आणि जवळजवळ तीस वर्षें त्यांची फारशी वास्तपुस्त कोणीं केली नाहीं.

इतका सबळ पुरावा असून तो दुर्लक्षिला कां गेला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यास महत्त्वाचा वाटतो. आमच्या मतें त्याचीं कारणें तीन होतीं, आणि तीं तिन्हीं समजून घेण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण असें कीं, एका घरांत जें चालत आलें तें सर्व बीजांतूनच आलें, असें म्हणतां येत नाहीं. एका घरचीं माणसें एकच अन्न खातात, एकाच विहिरीचें पाणी पितात, एकाच धंद्यांत वाढतात. ह्या शंकेला त्या काळीं उंदरांवरील प्रयोगांनीं फार बळकटी आणली. शिकागो येथें मॉड स्लाय ह्या विदुषीनें अक्षरशः हजारों उंदीर पाळून, त्यांच्या वंशावळी ठेवून, कर्करोगाची प्रवृत्ति मेंडेलच्या साध्या नियमानें उतरते असा सिद्धान्त मांडला. क्लॅरेन्स कुक लिटल ह्यांनीं त्यावर कडाडून टीका केली, आणि हा वाद वर्षानुवर्षें चालला. पुढें १९३६ सालीं, लिटल ह्यांच्याच प्रयोगशाळेंतील जॉन बिटनर ह्यांनीं दाखविलें कीं, ज्या उंदरांच्या वंशांत माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होई, त्यांचीं पिलें जन्मतांच उचलून निरोगी वंशाच्या मादीचें दूध पाजून वाढविलीं, तर त्यांतील बहुतेक त्या रोगापासून वांचत. म्हणजे जें आईकडून बीजांतून येतें असें वाटत होतें, त्याचा मोठा भाग दुधांतून येत होता! हें दुधांतील विष म्हणजे एक विषाणु आहे, हें मागाहून कळलें. मनुष्यांच्या कुटुंबांची गोष्ट निराळी होती. तथापि ह्या एका प्रयोगानें शहाण्या लोकांना सावध केलें, आणि तें योग्यच होतें.

दुसरें कारण अधिक काळें आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत ‘सुप्रजाजनना’च्या नांवाखालीं एक मत अमेरिकेंत व युरोपांत बोकाळलें होतें. ज्यांच्या कुळांत दोष दिसेल त्यांनीं प्रजा उत्पन्न करूं नये, आणि ते ऐकत नसतील तर सरकारनें त्यांस तसें करावयास लावावें, असें म्हणणारे त्यांत होते. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा १९०७ सालींच केला. १९२७ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा कायद्यांस मान्यता दिली. आणि १९३३ त जर्मनीनें तोच मार्ग धरून पुढें कोणत्या थराला मजल नेली तें जग जाणतें. वॉर्थिन स्वतः ह्या विचारापासून अलिप्त नव्हते. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. चांगला निरीक्षक हा चांगला न्यायाधीश असतोच असें नाहीं. महायुद्धानंतर ह्या सर्व मताची लाज वाटूं लागली, आणि तिच्याबरोबर कुळांतील रोगांविषयीं बोलणेंही पुष्कळांना नकोसें झालें.

तिसरें कारण साधें आहे. कर्करोगासारखा इतका बहुरूपी रोग बाहेरील कारणांनींच होत असला पाहिजे, अशी विद्वानांची समजूत दृढ होत चालली होती. धूर, तमाखू, रसायनें, विषाणु ह्यांचे पुरावे हातीं येत होते, आणि तेही खरेच होते. एक सत्य सांपडलें म्हणजे दुसऱ्या सत्यास दार लावून घेणें ही विद्वानांची जुनीच खोड आहे.

हें दार पुन्हां उघडलें तें हेन्री लिंच ह्या गृहस्थानें. तरुणपणीं लहान वयांतच आरमारांत भरती झालेला, पुढें कांहीं काळ मुष्टियुद्ध खेळलेला हा मनुष्य वैद्यकाकडे वळला, आणि १९६२ सालीं नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा येथें उमेदवारी करीत असतां दारूच्या व्यसनानें खंगलेला एक रोगी त्याच्या हाताखालीं आला. आपण दारू कां पितों ह्याचें उत्तर रोग्यानें असें दिलें कीं, घरांतील सारीं माणसें कर्करोगानें मेलीं, आपणही तसेच मरणार, मग न पिऊन काय साधावयाचें? ॲन आर्बरची शिवणकाम करणारी बाई आणि ओमाहाचा हा दारूडा ह्यांच्यामध्यें सदुसष्ट वर्षांचें अंतर होतें. पण दोघांचा जबाब एकच होता. दोघांनींही आपला रोग डॉक्टरांच्या आधीं ओळखला होता.

लिंच ह्यांनीं एका समाजसेविकेच्या साह्यानें त्या रोग्याच्या नातलगांचीं घरें पालथीं घातलीं, दवाखान्यांतील व विकृतिशास्त्राचीं दप्तरें मिळवून ज्याच्या त्याच्या मरणाचें कारण पडताळून पाहिलें, आणि १९६६ सालीं त्या व दुसऱ्या एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. तेव्हां ॲन आर्बर येथें वॉर्थिनचे कागद ज्यांच्या ताब्यांत होते, त्यांनीं ते विश्वासानें लिंच ह्यांच्या हवालीं केले. १९७१ सालीं ‘जी’ कुटुंबाची चौथी नोंद बाहेर पडली. ह्या वेळपर्यंत साडेसहाशेंहून अधिक रक्तसंबंधी तींत आले होते. तींत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. आरंभींच्या पिढ्यांत पोटाच्या कर्करोगाचें प्रमाण मोठें होतें. पुढील पिढ्यांत तें घटून मोठ्या आंतड्याचा कर्करोग पुढें आला. सबंध अमेरिकेंतही ह्याच काळांत पोटाचा कर्करोग मागें हटत होता. तात्पर्य, धोका बीजांतून उतरतो. पण तो कोणतें रूप घेईल, हें राहणी आणि काळ हींही ठरवितात. आधीं सांगितलेल्या दोन्ही पक्षांना ह्या एका वंशावळीनें असा न्याय दिला.

तरीही विद्वन्मंडळाचें मन वळण्यास वेळ लागला. लिंच ह्यांचे अनुदानासाठीं केलेले अर्ज नाकारले गेले. त्यांचीं कुटुंबें म्हणजे योगायोगाचे ढीग होत, असें म्हणणारे थोडे नव्हते. उणीव होती ती यंत्रणेच्या ज्ञानाची. एक वारसा मिळाल्यानें कर्करोग कसा व्हावा? ह्याचें पहिलें सुबोध उत्तर १९७१ सालींच ह्यूस्टन येथील आल्फ्रेड नूडसन ह्यांनीं दिलें. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका विरळ कर्करोगाच्या अवघ्या ४८ रोग्यांचीं वयें व लक्षणें तोलून त्यांनीं सांगितलें कीं, प्रत्येक पेशींत अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही बिघडल्या म्हणजे रोग होतो. सामान्य मुलाच्या एकाच पेशींत हे दोन्ही आघात घडण्यास मोठा दुर्योग लागतो. पण जें मूल एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्माला येतें, त्याला दुसरा एकच आघात पुरतो. म्हणून त्याला रोग लवकर होतो, आणि पुष्कळदां दोन्ही डोळ्यांत होतो. वारशानें येतो तो रोग नव्हे, अर्धा उघडलेला दरवाजा येतो, हें ह्या उत्तराचें सार होय.

‘जी’ कुटुंबाचा दरवाजा कोणता, तें पुढील वीस वर्षांत कळलें. पेशी दुभागते तेव्हां तिच्यांतील सर्व मजकुराची नक्कल व्हावी लागते, आणि नक्कल म्हटली कीं चुका आल्याच. मासिकाच्या छापखान्यांत मुद्रितें तपासणारा असतो, तशीं ह्या चुका हुडकून दुरुस्त करणारीं कांहीं जनुकें पेशींत असतात. त्यांपैकीं एक, एम.एस.एच.-२ ह्या नांवाचें, १९९३ सालीं सांपडलें. दुसरें लगेच १९९४ त. ह्या मुद्रितशोधकांपैकीं एक निकामी झाला, म्हणजे चुका साचत जातात, आणि आंतडें व गर्भाशय ह्यांसारख्या ठिकाणीं त्याचा परिणाम कर्करोगांत होतो. २००० सालीं ‘जी’ कुटुंबांतील बिघाड ह्याच एम.एस.एच.-२ मध्यें आहे, हें सिद्ध झालें. त्या बाईनें १८९५ सालीं जें सांगितलें, त्याचें एका अक्षराएवढें कारण एकशें पांच वर्षांनीं हातीं आलें. २००५ च्या नोंदींत ह्या कुटुंबाचे ९२९ ज्ञात वंशज आहेत. ह्या रोगप्रवृत्तीस आज लिंच ह्यांचें नांव आहे. ते २०१९ सालीं, एक्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

ब्रोकाच्या पत्नीच्या घराण्यांत दिसला त्या जातीच्या रोगाचा उलगडा दुसऱ्या एका चिकाटीच्या संशोधनानें झाला. मेरी-क्लेअर किंग ह्या विदुषीनें सतरा वर्षें ह्या एका प्रश्नामागें घालविलीं. तिनें २३ कुटुंबें घेतलीं, आणि ज्यांत स्तनाचा कर्करोग कमी वयांत होतो तीं वेगळीं काढून पाहिलीं. त्याबरोबर सतराव्या गुणसूत्रावरील एक ठिकाण स्पष्ट दिसूं लागलें. हें १९९० सालीं जाहीर झालें. प्रत्यक्ष जनुक, बी.आर.सी.ए.-१, १९९४ त युटा येथील मंडळीनें काढलें, आणि दुसरें, बी.आर.सी.ए.-२, १९९५ त इंग्लंडांत मिळालें. ह्यांत बिघाड घेऊन आलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें सत्तरांस वयाच्या ऐंशीं वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अमेरिकेंतील सामान्य स्त्रियांत हें प्रमाण जन्मभरांत शंभरांत सुमारें तेरा आहे. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही पहिल्या जनुकांत शंभरांत चव्वेचाळीस व दुसऱ्यांत सतरा इतका असतो.

युटाच्या मंडळींनीं स्थापिलेल्या कंपनीनें ह्या जनुकांवर एकस्व मिळविलें, आणि ते दुसऱ्या कोणास तपासूं देईना. एका तपासणीस तीन हजार डॉलरांहून अधिक पडूं लागले. स्वतःच्या आईकडून मिळालेला मजकूर वाचण्यासाठीं तिऱ्हाईताची परवानगी लागावी, हा प्रकार अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि १३ जून २०१३ रोजीं, निसर्गांत जें आहे तें केवळ वेगळें काढल्यानें कोणाचें एकस्व होत नाहीं, असा निर्णय सर्व नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें दिला. वतनाच्या तंट्यांचा इतिहास वाचणाऱ्या आम्हांस ह्या खटल्याचें फार अप्रूप वाटतें. ज्या वारशावर कोणाचा हक्क नसावा, असा वारसाही जगांत आहे, हें त्यानें ठरविलें.

येथें कोणी विचारील कीं, हें सर्व कळून मनुष्याचा लाभ काय? शिवणकाम करणाऱ्या बाईस कळलेलेंच होतें. त्यानें ती वांचली नाहीं. दारूड्यास कळलेलें होतें. त्यानें तो व्यसनांत बुडाला. पण ह्या दोघांजवळ केवळ भाकीत होतें, उपाय नव्हता. आज स्थिति निराळी आहे. फिनलंडांत अशा कुटुंबांतील लोकांची दर तीन वर्षांनीं दुर्बिणीनें आंतडें तपासून, कर्करोग होण्यापूर्वींच्या गांठी काढून टाकण्याचा क्रम पंधरा वर्षें ठेवला. तपासणी न करून घेणाऱ्यांच्या मानानें त्यांतील आंतड्याचा कर्करोग निम्म्याहून अधिक घटला. रोज ॲस्पिरिन देऊन पाहिलेल्या दुसऱ्या एका प्रयोगाचा दहा वर्षांनंतरचा हिशेब २०२० सालीं निघाला. ॲस्पिरिन घेतलेल्यांत शंभरांत नऊ व न घेतलेल्यांत शंभरांत तेरा, असें आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण दिसलें. हें औषध वैद्याच्या सल्ल्यावांचून घ्यावयाचें नव्हे, हें सांगणें न लगे. मुद्दा एवढाच कीं, ज्यास धोका ठाऊक आहे त्यास करण्यासारखें कांहीं आहे. आणि ज्यास आपण तो वारसा घेतला नाहीं असें तपासणींत कळतें, त्याच्या मनावरचा जन्माचा भार उतरतो. अशा आईबापांच्या मुलांपैकीं सरासरीनें निम्मीं ह्या दुसऱ्या वर्गांतच पडतात.

आणखी एक गोष्ट प्रमाणांत पाहिली पाहिजे. सर्व कर्करोगांत असा स्पष्ट वारसा शंभरांत पांच ते दहांच्या ठिकाणींच असतो. आमच्या इकडे तर राहणीचा भाग किती मोठा, हें डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं फार पूर्वीं दाखविलें. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेथें ते विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. १९४४ त त्यांनीं तोंडाच्या कर्करोगाचे ओळीनें आलेले एक हजार रोगी तपासून निबंध प्रसिद्ध केला. पानतमाखूची संवय हा ह्या रोगाचा वारस आहे, कुळ नव्हे. आणि ह्याच खानोलकरांनीं संघवी ह्यांच्यासह मुंबईंतील सहा ज्ञातींच्या आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास १९४९ च्या सुमारास केला. एका हातांत चालरीत व दुसऱ्या हातांत रक्त घेऊन दोन्ही तोलून पाहणारी ही दृष्टि आम्हांस आदर्श वाटते.

पण ह्या तोलण्यासाठीं लागते ती माहिती आमचीं घरें देत नाहींत. मुलीचें लग्न ठरावयाचें असतें, म्हणून तिच्या आजीचा रोग ‘जुनें दुखणें’ होतो. मावशी ‘पोटाच्या विकारानें’ जाते. आत्येचें नांवच निघत नाहीं. स्थळ मोडेल ही भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. समाज निर्दय होऊं शकतो, हें सुप्रजाजननाच्या कथेंत आपण पाहिलेंच. परंतु लपविल्यानें धोका टळत नाहीं. केवळ जिला सावध व्हावयाचें तिलाच तो कळत नाहीं. शिवाय दोष नेहमीं सुनेच्या माहेराकडे ढकलण्याची जी रीत आहे, तिला शास्त्राचा मुळींच आधार नाहीं. हीं जनुकें बापाकडूनही तितक्याच वेळां उतरतात. स्वतः निरोगी राहिलेला पुरुष आपल्या आईचा वारसा आपल्या मुलीस देऊन जातो, आणि त्या मुलीच्या दुखण्याचें मूळ शोधणारे तिच्या आजोळीं चौकशी करीत बसतात! आत्या आणि बापाची आई ह्यांच्या मरणाचें कारण ज्या घरांत लिहिलेलें नाहीं, तेथें हें मूळ सांपडावें कसें?

वॉर्थिन, वेलर, लिंच ह्यांनीं जें केलें, त्याचा आरंभ कोणत्याही प्रयोगशाळेंत झाला नव्हता. एका बाईनें आपल्या नातलगांचीं नांवें, वयें आणि मरणाचीं कारणें एका लिहूं इच्छिणाऱ्या मनुष्यास सांगितलीं, एवढेंच झालें. आपल्या घरांतील वडील मंडळी अजून हयात आहेत तोंवर इतकें प्रत्येकास करतां येईल. जुनी वंशावळ पेटींतून काढावी, तींत गाळलेल्या लेकीसुना त्यांच्या त्यांच्या जागीं लिहाव्या, आणि प्रत्येक नांवापुढें तें माणूस कोणत्या वयीं व कशानें गेलें, हें जितकें खात्रीनें कळेल तितकें मांडावें. तो कागद चव्हाट्यावर नेण्याचें कारण नाहीं. तो घरांतल्या मुलींच्या व मुलांच्या हातीं आणि वेळ पडली तर वैद्याच्या हातीं पडला, म्हणजे त्याचें काम झालें.